दगडातल्या जिवांची विहीर

दगडात जीव असतो हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक आहे. सांगलीजवळच्या आमच्या गावी जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, चातुर्मासात मुलांची पाठशाळा भरे आणि तिथला पहिला पाठ जिवांच्या प्रकारांचा असे. पृथ्वीकाय, जलकाय, अग्निकाय, वायुकाय, वनस्पतिकाय हे पाच स्थावर. त्यांना इंद्रिय एकच, स्पर्शाचं. मग दोन इंद्रियांचे शंख आणि कृमी, तीन इंद्रियांच्या मुंग्या, चार इंद्रियांचे भुंगे, आणि पाच इंद्रियांचे पशुपक्षी नि आपण. जमिनीच्या पोटात आहे तोवर दगड सजीव. तो फुटला, तापला, तुडवला गेला की अचित्त, म्हणजे निर्जीव, होतो, असं आमच्या घरातले वडीलधारे अण्णा समजावून सांगत. पुढे मी रसायनशास्त्र शिकले, नोकरीसाठी फ्लोरिडात टँपाला आले, पण घरातल्या ओट्याकडे बघतानासुद्धा तो पाठ कुठेतरी मनात जागा असायचा. त्याची खरी परीक्षा मुलाने खाऱ्या पाण्याची टाकी मागितली तेव्हा झाली.

पिण्याच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत मी काम करते. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट मोजणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे टाकीतल्या पाण्याची बाजू मला अवघड नव्हती. अडले ते दगडापाशी. प्रवाळांच्या टाकीत आधी मासा जात नाही आणि प्रवाळही जात नाही. आधी जातो दगड. हा छंद असलेले लोक त्याला लाइव्ह रॉक म्हणतात. मेलेल्या प्रवाळांचा चुनखडीचा सांगाडा लाटांनी मोडून तळाशी पडतो, त्यावर जांभळ्या-गुलाबी कोरलाइन शैवालाचा थर चढतो, त्याच्या भोकांत स्पंज, नळीतले किडे, ब्रिटल स्टार, बारके खेकडे, शिंपले राहायला येतात. आणि या सगळ्यांच्या आधी आलेले असतात जिवाणू.

टाकी चालते ती या जिवाणूंवर. टाकीतले प्राणी अमोनिया बाहेर टाकतात, मेलेला प्रत्येक जीवही कुजून अमोनियाच देतो. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२ च्या आसपास असतो, आणि पाणी जितकं अल्कधर्मी तितका अमोनिया जास्त विषारी. दगडाच्या पृष्ठभागावर, जिथे प्राणवायू पोचतो तिथे, एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. दगडाच्या आतल्या छिद्रांत प्राणवायू संपतो, तिथे राहणारे तिसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्रेट फोडून नुसता नायट्रोजन वायू सोडतात. सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास दाखवून दिलं की अमोनियावर जगणारे हे जीव आपलं शरीर पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडपासून उभं करतात. त्यांना दुसऱ्या कुणाला खावं लागत नाही. हे मी कॉलेजात वाचलं तेव्हा मला अण्णांची आठवण झाली होती. कुणालाही न दुखवता जगणारा जीव ही आमच्या घरात फार मोठी गोष्ट होती.

जाकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये अशा दगडांवर चालणाऱ्या टाक्यांबद्दल लिहिलं. यंत्रं जवळजवळ नाहीत. समुद्रातून आणलेले सजीव दगड, थोडे हवेचे बुडबुडे, ऊन. पुढे बर्लिनच्या छांदिष्टांनी ती रीत वाढवली आणि जगभर पसरवली. आज दुकानात हा दगड पौंडावर विकला जातो. "आई, यात जीव आहेत म्हणूनच तो महाग आहे," मुलगा म्हणाला. कोरडा, मेलेला दगड स्वस्त मिळतो.

मग माझ्यापुढे प्रश्न उभा राहिला, आणि तो पाण्याचा नव्हता. ज्यात हजारो जीव आहेत हे माहीत असूनच जी वस्तू विकत घ्यायची, ती घेणाऱ्याचं त्या जिवांशी नातं काय?

प्रवाळ कुठल्या पायरीवर बसवायचा, इथूनच घोळ आहे. श्वेतांबर आगमांतल्या उत्तराध्ययनसूत्राच्या छत्तिसाव्या अध्ययनात पृथ्वीकायाची यादी आहे. हरताळ, हिंगूळ, अभ्रक यांच्या पंगतीत तिथे प्रवाळ येतो. शांतिसूरींच्या ‘जीवविचार’ या छोट्या ग्रंथातही स्फटिक आणि रत्नांबरोबर प्रवाळ पृथ्वीकायातच आहे. म्हणजे एकेंद्रिय. युरोपात अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मार्सिली या इटालियन विद्वानाने पाण्यात ठेवलेल्या प्रवाळाच्या फांदीवर पांढऱ्या पाकळ्या उमलताना पाहिल्या आणि त्यांना फुलं ठरवलं. प्रवाळ वनस्पती झाला. मार्सेयच्या पेसोनेल या डॉक्टराने १७२० च्या दशकात त्याच पाकळ्या आखडताना पाहून म्हटलं, हे प्राणी आहेत. पॅरिसच्या अकादमीत त्याचं म्हणणं मांडताना रेओम्यूर यांनी त्याचं नाव सांगितलं नाही. असं विचित्र मत मांडणाऱ्याचं हसं होऊ नये म्हणून. पेसोनेलचं बरोबर होतं. प्रवाळाच्या प्रत्येक पॉलिपला तोंड आहे, तोंडाभोवती दंश करणारे तंतू आहेत, भक्ष्य पकडून तो ते पोटात घेतो.

आमच्याकडचे काही लोक अशा वेळी विज्ञानाने शास्त्राला दुजोरा दिल्याचं सांगू लागतात. मला ते पटत नाही. शास्त्राला सूक्ष्मदर्शकाचा दाखला लागत नाही, आणि जिथे सूक्ष्मदर्शक वेगळं सांगतो तिथे ते मान्य करावं. अण्णांना फोनवर हे सांगितलं. म्हटलं, प्रवाळाची पायरी चुकलीय, तो वर सरकायला हवा. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "अगं, पायरी चुकली असेल. पण जीव आहे हे तर त्यांनी ओळखलं होतं ना? युरोपवाले दगड म्हणत होते तेव्हा." युरोपवाले वनस्पती म्हणत होते, हे मी त्यांना सांगितलं नाही. मुद्दा त्यांचाच खरा होता. आधी जीव आहे हे मान्य करायचं. तो कितव्या पायरीवर आहे हे नंतर शोधता येतं, चुकलं तर सुधारता येतं.

दगड कुठून घ्यायचा याचे तीन रस्ते होते. एक, जमिनीतून खणलेला जुन्या प्रवाळांचा कोरडा दगड आणून त्यावर बाटलीतले जिवाणू सोडायचे. दुसरा, पॅसिफिकमधल्या बेटांवरून आलेला खडक. फिजी हा त्याचा मोठा पुरवठादार होता. तिथल्या सरकारने २०१८ च्या सुरुवातीला ही निर्यात थांबवली. दगडी प्रवाळ वन्य जिवांच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, त्यामुळे अशा खडकाच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागतो. आणि तिसरा रस्ता आमच्या फ्लोरिडाचा. इथल्या राज्याने १९८९ मध्ये आपल्या समुद्रातून खडक काढायला बंदी केली, आणि नव्वदच्या दशकात केंद्र सरकारच्या हद्दीतही ती आली. त्यानंतर लोकांनी शेती सुरू केली. जमिनीवरच्या खाणीतला चुनखडीचा दगड बोटीने नेऊन भाड्याने घेतलेल्या वाळूच्या तळावर टाकायचा, काही वर्षं तसाच ठेवायचा, आणि समुद्र त्यावर जी वस्ती करील तिच्यासकट वर काढायचा. टाकलेला दगड तिथल्या नैसर्गिक खडकाहून वेगळा ओळखू यावा अशी अट असते, म्हणजे शेतीच्या नावाखाली खरा रीफ कुणी उचलू नये.

मी तिसरा रस्ता घेतला, कारण त्यासाठी कुणी रीफ फोडलेला नसतो. पण म्हणून हात स्वच्छ राहतात असं मला वाटत नाही. अण्णांनी नेमकं बोट ठेवलं: "दगड माणसानं टाकला, पण घरं तर त्यांनी बांधली ना?" कोरड्या दगडाचा रस्ता जास्त शुद्ध दिसतो. अनेक शाकाहारी मित्र मला तोच सुचवत होते. मला त्यातली शुद्धता वरवरची वाटते. त्या दगडाच्या टाकीतही पुढे प्रवाळ नि मासे घालायचेच असतात, आणि ते बहुधा कच्च्या, न जुळलेल्या पाण्यात घातले जातात. पूर्वी तर नव्या टाकीत अमोनिया तयार व्हावा म्हणून स्वस्तातले डॅमसेल मासे मुद्दाम सोडत. ते त्या विषात तडफडत. जगले तर ठीक, नाही तर फेकले जात. आमच्या परंपरेत गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. स्वयंपाकात, झाडलोटीत, शेतीत, धंद्यात, स्वतःच्या बचावात जी होते ती गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही. ठरवून केलेली मात्र टाळता येते आणि टाळलीच पाहिजे. त्या डॅमसेल माशांची हिंसा ही ठरवून केलेली. तिला दुसरं नाव नाही.

दगड आणल्यावर त्याचं क्युअरिंग करतात. वाहतुकीत जे मरतात ते कुजतात, अमोनिया चढतो, त्या अमोनियाने आणखी मरतात, हळूहळू जिवाणू वाढतात, आकडे खाली येतात. चार ते सहा आठवडे धीर धरा, असं सगळे सांगतात. मी प्रयोगशाळेची सवय असलेली बाई; मला असं बसून राहता येईना. दगड शेतावरून आणताना तो पाण्याबाहेर निघू द्यायचा नाही हे आधीच ठरवलं होतं, कारण स्पंजाच्या नलिकांत हवा शिरली की तो आतून मरतो. झाकणाच्या डब्यांत, समुद्राच्याच पाण्यात बुडवून, गाडीत वातानुकूलन लावून आम्ही दगड घरी आणले. मग अमोनियाची खूण दिसली की पाणी बदलायचं. रात्रीसुद्धा. खारं पाणी आदल्या दिवशी कालवून, त्याची घनता १.०२५ वर आणून, तापमान टाकीतल्या पाण्याइतकं करून तयार ठेवायचं. नवरा म्हणायचा, तू बाळंतिणीची खोली करून ठेवली आहेस. तरीही किती तरी जीव मेले. पांढरा मऊ थर धरलेले स्पंज मी चिमट्याने वेगळे केले, उघडे पडलेले शिंपले काढले.

इथे मला अमृतचंद्राचार्यांचा आधार वाटतो. त्यांच्या पुरुषार्थसिद्ध्युपायात हिंसेचं मूळ प्रमादात, म्हणजे बेसावधपणात, आणि रागद्वेषात सांगितलं आहे. सावधपणे वागणाऱ्याच्या हातून जीव गेला तरी ती हिंसा ठरत नाही, आणि बेफिकीर माणसाच्या हातून कुणी मेलं नाही तरी तो हिंसकच ठरतो. लहानपणी मला ही पळवाट वाटायची. टाकीपाशी रात्री चाचणीची नळी उजेडात धरून बसले तेव्हा कळलं, ही पळवाट असती तर इतकी महाग नसती. सावधपणाला वेळ लागतो, झोप लागते, आणि अज्ञानाची सबब तिथे चालत नाही. स्पंजाला हवा मानवत नाही हे मला माहीत नसतं तर? माहीत करून घेणं हाच त्या सावधपणाचा पहिला भाग आहे.

मुलाचा विचार वेगळा. तो म्हणतो, "आई, तू एकेका जिवाचा हिशोब करतेस. टाकी म्हणजे एक व्यवस्था आहे. किडा मेला, त्याचा अमोनिया झाला, तो जिवाणूंनी खाल्ला. काहीच वाया गेलं नाही." त्याच्या म्हणण्यामागे मोठी माणसं आहेत. आल्डो लिओपोल्ड यांच्या १९४९ साली निघालेल्या ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ने पर्यावरणाच्या नीतीला हीच दिशा दिली: माती, पाणी, झाडं, प्राणी मिळून एक समाज आहे आणि त्या समाजाचं भलं ज्यात आहे ते योग्य. या विचाराने जंगलं वाचली. मला त्याचा आदर आहे. आमचं दर्शन दुसऱ्या टोकाला उभं आहे. प्रत्येक जीव वेगळा, स्वतंत्र, अनादि. एकाच्या दुःखाची भरपाई दुसऱ्याच्या सुखाने होत नाही. निगोद जिवांबद्दल तर म्हणतात की एका शरीरात अनंत जीव असतात, एका श्वासात अठरा वेळा जन्मतात नि मरतात. तरी त्यांतला एकही जीव हिशोबाबाहेर नाही.

या दोहोंत मी बरेच दिवस अडकले होते. सुटका झाली ती एका साध्या फरकाने. समुद्रात ली चिन एंगच्या दगडावर किंवा माझ्या दगडावर जे मरणं-जगणं चालतं त्याला कर्ता नाही. तिथे व्यवस्थेच्या भाषेत बोलणं योग्यच आहे, कारण तिथे प्रमाद करायला कुणी नाही. काचेच्या चार भिंती उभ्या राहिल्या की प्रत्येक मरणाला विचारणारं कुणी आणि उत्तर देणारं कुणी तयार होतं. उन्हाऐवजी दिवा मी लावते, भरती-ओहोटीऐवजी पंप मी फिरवते, वीज गेली तर प्राणवायू माझ्यामुळे संपतो. व्यवस्था निरोगी आहे एवढं म्हणून मला सुटता येत नाही, कारण ती व्यवस्था म्हणजे मीच आहे.

मग आले नको असलेले. दगडाबरोबर ऐप्टेशिया आलं, काचेसारखं पारदर्शक समुद्रफूल. कापलं तर तुकड्यातून नवं उगवतं आणि शेजाऱ्यांना दंश करून जागा बळकावतं. रात्री टाकीतून टकटक आवाज येऊ लागला. मँटिस श्रिंप होता, गदेसारखा हात आपटून शिंपले नि खेकडे फोडणारा. काही लोक असे दगड गोड्या पाण्यात बुडवून सगळंच मारतात, काही उकळतात. उकळणं तर करणाऱ्याच्याही जिवावर बेतू शकतं. काही प्रवाळसदृश प्राण्यांत पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं आणि ते वाफेबरोबर घरात पसरतं. ऐप्टेशियासाठी सगळ्यांचा आवडता उपाय पेपरमिंट श्रिंप ही कोळंबी. ती ऐप्टेशिया खाते, आपल्याला काही करावं लागत नाही. मुलाला हे आदर्श वाटलं. मी नको म्हटलं, आणि कारण सांगताना मला पाठशाळेतल्या गुरुजींचाच आवाज माझ्या तोंडून ऐकू आला: कृत, कारित, अनुमोदित. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, दुसऱ्याने केलं ते बरं झालं म्हटलेलं, तिन्ही कर्म आपलंच. कोळंबी सोडणारा हात कोळंबीमागे लपू शकत नाही.

"मग काय करायचं? ते सगळ्यांना मारेल," मुलगा म्हणाला. रास्त प्रश्न होता. काही न करणं हीसुद्धा निवड आहे, आणि तिचे बळी दुसरे. आम्ही ऐप्टेशिया असलेला दगड आणि मँटिस श्रिंप वेगळ्या लहान टाकीत हलवले. म्हणजे दुसरा पंप, दुसरा हीटर, रोजचं दुप्पट काम. मँटिसला मी अजून जिवंत भक्ष्य देत नाही. आधीच मेलेलं, दुकानातलं गोठवलेलं देते, आणि ते देताना माझा हात अडखळतो. त्याच्या डोळ्यांत बारा ते सोळा प्रकारच्या प्रकाशपेशी असतात. रंग पाहायला आपल्याकडे तीन. इंद्रियांच्या मोजणीवर जिवाची पायरी ठरवायची तर हा कुठे बसवायचा, हे मी अण्णांना विचारलं आहे. ते अजून विचार करताहेत.

मोठ्या टाकीत मासा नाही. पाहुणे येतात, काचेला नाक लावतात आणि विचारतात, मासे कधी घालणार? घालणार नाही. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, सांगितले आहेत: बांधून ठेवणं, मारणं, अवयव कापणं, झेपणार नाही इतका भार लादणं, आणि अन्नपाणी तोडणं. ते बैल, गायी, नोकर यांच्या संदर्भात शिकवले जातात, पण मला ते टाकी राखणाऱ्याची नियमावलीच वाटतात. टाकीत बंध तर पहिल्या दिवशीच घडतो. दगडातल्या किड्याचं अख्खं जग वीतभर भोकाचं असतं, त्याला काच लागत नाही. रीफभर फिरणाऱ्या माशाला ती रोज लागते. आणि भार? गर्दी हे टाक्या कोसळण्याचं नेहमीचं कारण आहे. मी काही सोडलं नाही तरी टाकी भरलेलीच आहे. दिवा मालवून तासाभराने लाल टॉर्च धरला की नळीतले किडे पंखे उघडतात, ब्रिटल स्टार भोकातून हात लांब करतात, काचेवर कोपेपॉडचे पांढरे ठिपके धावतात. त्यांना मी हिरव्या सूक्ष्म शैवालाचं पाणी घालते, तेही मोजून.

लहानपणी आमच्या वाड्यात पाणी गाळल्याशिवाय वापरत नसत. जाड कापड दुहेरी करून गाळायचं, गाळलेलं पाणी एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटं चालायचं, मग पुन्हा गाळायचं. पण आज्जीचा खरा कटाक्ष गाळल्यानंतरच्या कामावर असे. कापडात अडकलेले जीव गाळलेल्या पाण्याने अलगद बादलीत उतरवायचे आणि ती जिवाणी ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत परत सोडायची. वरून ओतायची नाही. बादली पाण्याला टेकली की हळूच कलंडवायची. शेजारच्या विहिरीत नाही, ओढ्यात नाही, मोरीत तर नाहीच. एका विहिरीचा जीव दुसऱ्या विहिरीत जगत नाही, किंवा तिथल्यांना जगू देत नाही, असं आज्जी म्हणायची.

तिच्या या वाक्याचा दुसरा अर्धा भाग किती खरा आहे ते फ्लोरिडात येऊन समजलं. हिंद-प्रशांत महासागरातला लायनफिश १९८५ मध्ये इथल्या डॅनिया बीचजवळ पहिल्यांदा सापडला. लोकांनी टाक्यांतून सोडलेल्या माशांपासून ही वसाहत झाली असं मानतात. मादी वर्षाला वीस लाखांपर्यंत अंडी घालते. आज तो अटलांटिकच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅरिबियनमध्ये, मेक्सिकोच्या आखातात सगळीकडे आहे आणि स्थानिक माशांची पिल्लं फस्त करतो आहे. ज्यांनी सोडले त्यांच्यातल्या कित्येकांना आपण दया करतो आहोत असंच वाटलं असेल. आज्जीचा नियम पाळला असता तर ते थांबले असते.

आणि तोच नियम माझ्या दगडाला लावला की खरी अडचण दिसते. माझे जीव आखातातले, घरापासून फार लांबचे नाहीत. तरी मी ते परत सोडू शकत नाही. टाकीत राहिलेल्या प्राण्याबरोबर रोग जाऊ शकतो. इथल्या दगडी प्रवाळांना २०१४ पासून ऊती झडण्याच्या रोगाने ग्रासलं आहे, त्यात आणखी भर घालायची नाही. म्हणजे दगड ज्या क्षणी डब्यात ठेवला त्या क्षणी त्यांची विहीर बदलली, कायमची. आता त्यांची विहीर माझ्या बैठकीच्या खोलीत आहे. पाणी बदलताना मी काढलेलं पाणी दुहेरी बारीक जाळीतून गाळते आणि जाळीवरचे कोपेपॉड, किडे, पिल्लं टाकीच्या पाण्याला भांडं टेकवून आत सोडते. मुलगा आता ते काम माझ्याहून नीट करतो. पण तो मला बजावतोही: "हा नियम तू तुझ्यासाठी केलास, आई. मी पुढे मासे ठेवणार." ठेवील. त्याचं त्याने ठरवावं. फक्त अतिचार पाच आहेत एवढं त्याला पाठ आहे.

टाकीतला जीव परत जाऊ शकतो अशी ठिकाणं आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. २०१९ मध्ये आमच्या टँपाच्या फ्लोरिडा अ‍ॅक्वेरियमने अटलांटिकमधल्या पिलर कोरलकडून पहिल्यांदा टाकीत प्रजनन करवून घेतलं. २०२३ च्या जुलैत फ्लोरिडातल्याच मॅनेटी बेमध्ये पाण्याचं तापमान ३८ अंशांच्या वर गेलं, तेव्हा पाणबुड्यांनी समुद्रातल्या रोपवाटिकांमधले प्रवाळ उचलून जमिनीवरच्या टाक्यांत आणले, समुद्र निवल्यावर त्याच समुद्रात परत न्यायचे म्हणून. मुंबईत किनारा रस्त्यासाठी २०२० मध्ये वरळी नि हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या १८ वसाहती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली कुलाब्याच्या बाजूला हलवल्या. ते हलवावे लागले याचं मला दुःख आहे, पण निदान समुद्र तोच राहिला.

कोल्हापूरचा माझा भाचा विचारत होता, आत्या, तिकडे येशील तेव्हा माझ्या टाकीसाठी एक दगड आण, नाही तर मालवणला मिळतो का बघतो. त्याला जे सांगितलं ते इथेही सांगते. भारतात दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या बरोबरीने. मालवणच्या, कच्छच्या, मन्नारच्या, लक्षद्वीपच्या, अंदमानच्या समुद्रातून प्रवाळाचा तुकडा उचलणं, जिवंत असो वा मेलेला, गुन्हा आहे. तो उचलू नका, विकतही घेऊ नका. आणि घरात गोड्या पाण्याची साधी टाकी असेल आणि ती मोडायची वेळ आली, तर मासे नदीत, तळ्यात, धरणात सोडू नका. उजनीच्या जलाशयात मच्छीमारांची जाळी फाडणारा सकर मासा टाक्यांतूनच तिथे पोचला आहे. टाकी राखणारं दुसरं कुणी शोधा, दुकानदाराला परत घ्यायला सांगा. आणि तसं कुणी मिळेपर्यंत त्या जिवांना तुमच्याच घरी राहू द्या.